प्रश्न नीट विचारला, तर पाठांतर पुरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकत्याच आलेल्या एका लेखात शालेय प्रश्नमंजूषा स्पर्धांना घोकंपट्टीचा अवशेष ठरवण्यात आले होते, आणि हातातल्या फोनवर क्षणात सारे सापडत असताना मुलांकडून राजधान्या व सनावळ्या पाठ करून घेण्यात काय हशील, असा प्रश्न लेखकाने विचारला होता. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवून आणि त्यातील वीसेक वर्षे अशा स्पर्धांचे प्रश्न काढून मी निवृत्त झालो असल्याने हा आरोप मला लागला, हे कबूल करतो. लेखकाचे निम्मे म्हणणे मला मान्यही आहे. परंतु हा खेळ ज्याने लहानपणापासून मनापासून खेळला, त्यातच नाव कमावले आणि पुढे त्याच खेळाचा सूत्रधार झाला, अशा एका माणसाची कारकीर्द मी वीस वर्षे लांबून का होईना पाहत आलो आहे. ती पाहिल्यावर दोष खेळाचा की आपण विचारत असलेल्या प्रश्नांचा, याविषयी माझे मत वेगळे झाले. ते मांडण्यासाठी हे पत्र जरा लांबले, तर क्षमस्व.

२००४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आम्ही उभयता न्यू जर्सीत मुलीकडे होतो. तिथे संध्याकाळी सात वाजता दूरचित्रवाणीवर 'जेपर्डी' नावाचा अर्ध्या तासाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागत असे. तिघे स्पर्धक, समोर निळ्या चौकटींचा फळा आणि प्रत्येक चौकटीमागे एक विधान. स्पर्धकाने त्या विधानाला साजेसा प्रश्न सांगायचा, म्हणजे 'अमुक कोण?' किंवा 'तमुक काय?' असे म्हणायचे. ही उलटी रीत मला प्रथम निव्वळ चाळा वाटली. तिचा इतिहास नंतर कळला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील अशा अनेक कार्यक्रमांत निर्माते आवडत्या स्पर्धकांना आधीच उत्तरे पुरवीत असत. १९५९ साली त्याची तेथील संसदेपुढे चौकशी झाली आणि पुढच्याच वर्षी तो प्रकार कायद्याने गुन्हा ठरला. लोकांचा विश्वास असा उडालेला असताना मर्व्ह ग्रिफिन हे निर्माते नवा कार्यक्रम शोधत होते, तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवले की उत्तरे आपणच उघडपणे देऊ आणि प्रश्न त्यांना विचारू दे. त्यातून १९६४ साली 'जेपर्डी' सुरू झाला. बदनामीतून वाट काढण्याची ही युक्ती मला आजही फार आवडते.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या फळ्यासमोर रोज एकच माणूस जिंकत होता. केन जेनिंग्ज हे त्याचे नाव. वय तीस, सॉल्ट लेक सिटीत संगणक प्रणाली लिहिण्याची नोकरी, चेहरा एखाद्या बँकेतल्या सालस कारकुनासारखा. २ जून रोजी त्यांचा पहिला भाग प्रक्षेपित झाला होता. त्याआधी पाच दिवस जिंकलेल्या विजेत्याला निवृत्त करण्याचा नियम होता. तो २००३ साली काढून टाकल्यामुळेच ही मालिका शक्य झाली. जेनिंग्ज सलग ७४ वेळा जिंकले आणि त्या ७४ विजयांत त्यांनी २५,२०,७०० डॉलर मिळवले, म्हणजे दिवसाला सरासरी चौतीस हजार. आपल्याकडच्या बातम्यांत तेव्हा हीच रक्कम छापून आली, रुपयांत रूपांतर करून. २००० साली 'कौन बनेगा करोडपती'त मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, तेव्हाही त्या तरुणाने काय वाचले होते आणि कसे वाचले होते यापेक्षा धनादेशावरची शून्येच आपण अधिक आवडीने मोजली.

जेनिंग्ज यांचे बालपण मात्र मोजण्यापेक्षा पाहण्यासारखे आहे. जन्म १९७४ चा, सिएटलजवळचा. पण वडील वकील म्हणून कोरियात गेल्याने मुलगा वाढला सेऊलमध्ये आणि काही काळ सिंगापुरात. सेऊलमध्ये घरी इंग्रजी कार्यक्रम दिसत ते अमेरिकी सैन्यासाठी चालवल्या जाणाऱ्या एका वाहिनीवर, आणि त्या वाहिनीवर 'जेपर्डी' लागे. शाळेतून आलेला मुलगा तो पाहत बसे. स्वतःचा देश सात समुद्रांपलीकडे आणि त्याची ओळख रोज अर्धा तास तुकड्यातुकड्यांनी, असे ते शिक्षण होते. शालेय शिक्षणानंतर मॉर्मन पंथाच्या रिवाजाप्रमाणे दोन वर्षे स्पेनमध्ये धर्मप्रचारक म्हणून काम, मग ब्रिगहॅम यंग विद्यापीठात संगणकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य अशा दोन्ही विषयांत पदवी. या जोडीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्याकडे दहावीनंतर मुलाला विचारले जाते ते 'कोणती शाखा' असे एकवचनात. विद्यापीठात ते प्रश्नमंजूषा संघाचे कर्णधार होते आणि पुढे अशा स्पर्धा भरवणाऱ्या एका संस्थेसाठी प्रश्न लिहून देत, इतरांचे प्रश्न तपासत. माझ्या मते त्यांच्या यशाचे खरे गमक येथे आहे. जो स्वतः प्रश्न काढतो त्याला दुसऱ्याच्या प्रश्नाची कळ कुठे आहे ते ऐकताऐकता समजते. भिंत बांधलेल्या गवंड्याला दुसऱ्याच्या भिंतीतली पोकळ वीट ठोकून कळावी तसे.

पाठांतर त्यांनी केले नाही असे मी म्हणत नाही. त्यांच्या पंथात मद्य वर्ज्य असल्याने त्या विषयाचे त्यांना काहीच ठाऊक नव्हते, आणि 'जेपर्डी'त मद्यांवरचा विषय वारंवार येतो; म्हणून त्यांनी पत्त्यांसारख्या चिठ्ठ्यांवर निरनिराळ्या मिश्र मद्यांची नावे लिहून ती तोंडपाठ केली. न पिणाऱ्या माणसाने दारूच्या दुकानाची यादी घोकावी, हा प्रसंग माझ्या पत्नीला इतका आवडला की ती आजही सांगते. परंतु ज्या विषयात आस्था नाही तिथली खिंडारे बुजवण्यापुरतेच हे पाठांतर होते. बाकीचे सारे आवडीने साठलेले. मराठीत यासाठी 'बहुश्रुत' असा नेमका शब्द आहे. तो 'विद्वान' या शब्दाहून वेगळा आहे, कारण त्यात अधिकारापेक्षा कानांचा उघडेपणा अधिक सांगितला आहे. आणि आपण त्याच्या जागी 'सामान्य ज्ञान' हा स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांतला शब्द बसवला, हे काही चांगले झाले नाही.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकाला घरी बसून कळत नाही. ती बझरची, म्हणजे उत्तर द्यायचे आहे हे कळवण्यासाठी स्पर्धकाच्या हातात असलेल्या बटणाची. निवेदक विधान पूर्ण वाचेपर्यंत बझर बंद असतो. शेवटचा शब्द उच्चारला गेला की कॅमेऱ्याच्या मागे बसलेला एक कर्मचारी हाताने कळ दाबतो, फळ्याच्या दोन्ही बाजूंचे दिवे लागतात आणि मग बझर चालतो. त्याआधी घाईने दाबला तर पाव सेकंद तुम्ही बाद, आणि तेवढ्यात दुसरा बोलून मोकळा होतो. तिथवर पोहोचलेल्या तिघांनाही बहुतेक उत्तरे येत असतातच; म्हणून लढाई पुष्कळदा ज्ञानाची नसून त्या पाव सेकंदाची असते. 'अनेक भागांत प्रतिस्पर्ध्यांचे अंगठे नुसते वळवळताना दिसत, असे आमच्या जावयांनी एकदा दाखवून दिले, आणि तेव्हापासून मी जेनिंग्ज यांच्याऐवजी इतर दोघांच्या हातांकडेच पाहू लागलो.' हे मी त्या वेळी माझ्या वहीत लिहून ठेवलेले वाक्य आहे. एका दिवसात पाच भागांचे चित्रीकरण होत असल्याने स्पर्धकांना बदलायचे कपडे सोबत आणावे लागतात. पंचाहत्तर भागांत जेनिंग्ज यांनी २,७०० हून अधिक बरोबर उत्तरे दिली. एका भागात एकसष्ट विधाने असतात. म्हणजे तिघांत वाटल्या जाणाऱ्या खेळात निम्म्याहून अधिक उत्तरे रोज त्यांची एकट्याची होती. माहितीचे कोठार कितीही भरलेले असले, तरी ते नेमक्या क्षणी उघडता येणे, येत नसेल तर हात आवरणे आणि चुकल्यावर पुढच्या विधानाला ती चूक सोबत न नेणे, हे कोणत्याही फोनमध्ये सापडत नाही.

आता त्यांच्या अगदी पहिल्या दिवसाची हकिगत सांगतो, कारण परीक्षकांविषयी मला जे म्हणायचे आहे ते तिच्यात आहे. शेवटच्या फेरीत स्पर्धक आपल्या कमाईतील रक्कम पणाला लावून उत्तर लिहून देतात. त्या दिवशीचे विधान साधारण असे होते: एकाच ऑलिंपिकमध्ये पाच वेगवेगळ्या मैदानी क्रीडाप्रकारांत पदके मिळवणारी ही पहिली महिला. जेनिंग्ज यांनी लिहिले, 'जोन्स कोण?' पूर्ण नाव मॅरियन जोन्स. नुसते आडनाव, तेही अमेरिकेत गल्लोगल्ली आढळणारे. निवेदक अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी परीक्षकांचा कौल घेतला आणि त्या खेळांतील महिलांत या आडनावाचा दुसरा घोटाळा संभवत नाही असे धरून ते उत्तर ग्राह्य मानले. ते नाकारले गेले असते तर जेनिंग्ज त्याच दिवशी हरून घरी गेले असते आणि त्यांचे नाव आज कोणालाही ठाऊक नसते. (त्या धावपटूने उत्तेजकांच्या सेवनाची पुढे कबुली दिली आणि २००७ साली तिची पदके काढून घेण्यात आली, इतिहासाने ते विधान मागाहून खोटे पाडले, हा भाग वेगळा.)

आमच्याकडच्या एका आंतरशालेय स्पर्धेत, मी प्रेक्षकांत बसलो असताना, 'कृष्णा नदीचा उगम कोठे होतो?' असा प्रश्न विचारला गेला. वाई तालुक्यातल्या एका वाडीवरचा मुलगा उभा राहिला आणि 'जोर गावाजवळ' असे ठणठणीत आवाजात म्हणाला. परीक्षकांच्या कागदावर 'महाबळेश्वर' असे छापलेले होते. उत्तर चूक ठरले आणि दुसऱ्या शाळेच्या संघाने कागदावरचा शब्द म्हणून गुण घेतले. ज्याने त्या डोंगराखाली गुरे चारली असतील त्याला चूक ठरवून ज्याने मार्गदर्शक वाचला त्याला बरोबर ठरवणारी ती स्पर्धा होती, आणि तिच्यापुरता आपल्या लेखकाचा आरोप शंभर टक्के खरा आहे. मी तेव्हा उठून बोलायला हवे होते. बोललो नाही, कारण परीक्षक ओळखीचे होते.

३० नोव्हेंबर २००४. जेनिंग्ज हरल्याची कुणकुण वृत्तपत्रांतून आधीच लागली होती, कारण चित्रीकरण सप्टेंबरातच झाले होते. तरी घराघरांतून लोक बसले होते. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या फेरीतील मोठ्या पैजेच्या दोन्ही संधी गमावल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीच्या आधी त्यांचे १४,४०० डॉलर तर नॅन्सी झर्ग या प्रतिस्पर्धी बाईंचे १०,००० होते. विषय उद्योग-व्यवसाय. विधान असे: या कंपनीच्या ७०,००० हंगामी बैठ्या नोकरदारांपैकी बहुतेक जण वर्षातले केवळ चार महिने काम करतात. तीस सेकंद. जेनिंग्ज यांनी लिहिले 'फेडएक्स', नाताळच्या पार्सलांची गर्दी बहुधा डोळ्यांसमोर आणून. बरोबर उत्तर होते 'एच अँड आर ब्लॉक', म्हणजे लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारी कंपनी. झर्ग बाईंनी ते लिहिले आणि पणाला लावले होते ४,४०१ डॉलर. म्हणजे जेनिंग्ज यांच्या मूळ आकड्यापेक्षा बरोबर एक डॉलर वर. व्यवहार कसा चोख!

हे विधान मी पुढे वर्षानुवर्षे शिक्षकांच्या प्रशिक्षणात वापरले. त्यात पाठ करण्याजोगे काहीच नाही. ७०,००० हा आकडा कोणत्याही पुस्तकात कोणी घोकलेला नसतो. परंतु 'चार महिने', 'बैठे काम' आणि 'हंगामी' ही तीन टोके हातात देऊन ते तुम्हाला विचार करायला लावते: बैठे काम करणारे आहेत म्हणजे गोदामातले हमाल नव्हेत, मग लेखणीच्या कामाला हंगाम कधी येतो? अमेरिकेत विवरणपत्राची मुदत एप्रिलच्या मध्यावर संपते. जानेवारी ते एप्रिल, चार महिने. जेनिंग्ज स्वतःचे विवरणपत्र स्वतःच भरत असत, त्यामुळे हा धंदा त्यांच्या नजरेपुढे आला नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. त्या कंपनीने पुढे त्यांना आयुष्यभर मोफत विवरणपत्र भरून देण्याची तयारी दाखवली, हे जाहिरातीच्या दृष्टीनेही हुशारीचेच.

आपल्या लेखकाचा मुख्य आक्षेप यंत्राविषयी आहे, आणि त्याचीही परीक्षा याच माणसावर झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएम कंपनीचा 'वॉटसन' हा संगणक जेनिंग्ज आणि या खेळातले दुसरे नावाजलेले विजेते ब्रॅड रटर या दोघांविरुद्ध याच खेळात उतरला, इंटरनेटला न जोडता, केवळ स्वतःच्या साठ्यावर. दोन सामने मिळून वॉटसनचे ७७,१४७, जेनिंग्ज यांचे २४,००० आणि रटर यांचे २१,६००. दुसऱ्या क्रमांकाच्या तीन लाख डॉलरांच्या बक्षिसापैकी निम्मी रक्कम जेनिंग्ज यांनी दान केली, आणि शेवटच्या उत्तराखाली नव्या संगणक-धन्यांचे आपण स्वागत करतो अशी एक गमतीची ओळ लिहून पराभव मान्य केला. एवढी खिलाडूवृत्ती त्या यंत्राला दाखवता आली नसती. त्याच लढतीत एक विधान आले होते: या अमेरिकी शहराच्या सर्वांत मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातील एका वीराचे नाव आहे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्याच युद्धातील एका लढाईचे. दोन्ही माणसांनी 'शिकागो' लिहिले: ओहेअर आणि मिडवे. यंत्राने लिहिले 'टोरंटो', आणि पुढे पाच प्रश्नचिन्हे. यंत्रे तेव्हापासून फार पुढे गेली आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि आज असा प्रश्न त्यांना अडवणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. यंत्राला उत्तर येते म्हणून माणसाने खेळ सोडावा असे असते, तर मोटार आल्यावर धावण्याच्या शर्यती बंद पडायला हव्या होत्या.

नंतरच्या वर्षांचे थोडक्यात सांगतो. जेनिंग्ज यांनी नोकरी सोडली, नकाशांच्या वेडावर आणि या खेळाच्या इतिहासावर पुस्तके लिहिली. रटर यांच्याकडून ते २००५ साली हरले होते, २०१४ साली पुन्हा हरले. २०१९ साली लास व्हेगासमधील पैजा लावणारे जेम्स होल्झहॉअर यांनी ३२ विजयांतच जवळपास पंचवीस लाख डॉलर मिळवून आणि एकाच भागात १,३१,१२७ चा विक्रम करून साऱ्यांची झोप उडवली. जानेवारी २०२० मध्ये या तिघांची गाठ घालण्यात आली, तेव्हा जेनिंग्ज पंचेचाळिशीत होते आणि अंगठा पूर्वीसारखा राहिला नसेल अशी शंका घेतली जात होती. तीन सामने जिंकून ते सर्वश्रेष्ठ ठरले. शेवटच्या रात्रीचे विधान होते, शेक्सपिअरच्या शोकांतिकांत नाटकाला ज्याचे नाव नाही अशा पात्रांपैकी सर्वाधिक, म्हणजे २७२ भाषणे कोणाची? होल्झहॉअर यांनी लिहिले होरेशिओ. जेनिंग्ज यांनी इयागो. येथेही २७२ हा आकडा पाठ असण्याची गरज नाही. 'ऑथेल्लो' वाचताना कारस्थान करणाऱ्या इयागोला किती बोलावे लागते हे ज्याच्या ध्यानात आले असेल त्याला उत्तर सुचते.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ट्रेबेक कर्करोगाने गेले. १९८४ पासून तो कार्यक्रम त्यांच्या आवाजात चालला होता. ११ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या जागी पहिला हंगामी निवेदक म्हणून जेनिंग्ज उभे राहिले, ट्रेबेक यांच्या शर्टाच्या बाह्यांची बटणे लावून. त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी समाजमाध्यमांवरील जुन्या असंवेदनशील विनोदांबद्दल, ज्यांत चाकाच्या खुर्चीतील व्यक्तींविषयीची एक क्रूर ओळ होती, त्यांना जाहीर माफी मागावी लागली. बहुश्रुतपणामुळे माणूस आपोआप शहाणा होत नाही, एवढी नोंद येथे करणे प्रामाणिकपणाचे होईल. २०२३ च्या अखेरीपासून ते एकटेच कार्यक्रम चालवतात. सेऊलमध्ये शाळेतून येऊन जो मुलगा हा फळा पाहत बसे, तो आता त्या फळ्याशेजारी उभा राहून दुसऱ्यांना विधाने वाचून दाखवतो.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. आपल्या बाल पुरवणीत दर आठवड्याला जे पाच प्रश्न छापले जातात त्यांतील गेल्या महिन्याभराचे सारे मी काढून पाहिले. 'भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता?' या जातीचे प्रश्न त्यांत बहुसंख्य आहेत. त्यांचे उत्तर येत असते किंवा येत नसते. मधे विचार करायला जागाच नाही. ते लिहिणाऱ्याला दोष देत नाही, कारण असे प्रश्न मीही उमेदवारीत शेकड्यांनी काढले. निदान पाचांतील दोन प्रश्न तरी असे असावेत की उत्तर पाठ नसलेल्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन, नकाशा उघडून, घरात चार जणांशी वाद घालून ते शोधता यावे. आणि मुलाने छापील शब्दाहून निराळे पण बरोबर उत्तर कळवले तर ते पुढच्या अंकात नावानिशी मान्य करावे. असे प्रश्न मी विनामूल्य लिहून देण्यास तयार आहे. नमुन्यादाखल एक देतो: महाराष्ट्राच्या नकाशावर १९८१ साली प्रथमच आलेल्या जिल्ह्यांच्या नावांपैकी दोन नावे किल्ल्यांची आहेत, त्यांतील एक किल्ला डोंगरावर आहे तर दुसरा समुद्रात. उत्तर पाकिटाच्या आतल्या बाजूस लिहिले आहे. ते उलटून पाहण्याआधी आपल्या संपादकीय विभागात एकदा विचारून पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा